कुमुद, तुझ्या टॅक्सीवाल्यांविषयी

कुमुद,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. आभा परवा बेंगळुरूला परत गेली. निघताना म्हणाली, "बाबा, चुप मत बैठे रहना. किसी से बात करते रहना." मी मराठीत विचारलं, कोणाशी बोलू? त्यावर आपल्या लेकीला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं. आज सकाळी सुचलं. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, तर तुझ्याशीच बोलतो.

तू कशी गेलीस, किती वाजता गेलीस, आदल्या दिवशी नीट जेवली होतीस का, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतोय असं वाटतं. तुला त्यातलं काही सांगत नाही. मला टॅक्सीबद्दल बोलायचंय.

चाळीस वर्षांत आपण माझ्या बदल्यांवरून भांडलो, माझ्या आईवरून भांडलो, आभाला मराठी वाचता येत नाही तो दोष कोणाचा यावरून भांडलो. आणि शेवटचं वर्ष कशावरून, तर डायलिसिसला जायला गाडी कोणती घ्यायची यावरून. कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

दुलारे भैयाची गाडी आपण लखनौला आलो त्या वर्षापासूनची. मुन्शीपुलियाच्या स्टँडवर आधी त्याची अँबॅसेडर उभी असायची, नंतर ती पांढरी व्हॅन आली. माझ्या आईला चारबाग स्टेशनवरून आणायला तोच गेला आणि आभाला हॉस्टेलला सोडायलाही तोच. फोन करून "दुलारे भैया, कल सुबह छह बजे" एवढं म्हटलं की पुरायचं. कुठं जायचं, सामान किती, तो विचारायचा नाही. फाटकाबाहेर येऊन एकदाच हॉर्न द्यायचा आणि खाली उतरून उभा राहायचा. बँकेत मी सहा मॅनेजर बघितले, पण दिलेल्या शब्दाला इतका पक्का माणूस एकही नाही.

म्हणून तुझं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी तुला विचारलंसुद्धा नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात, इंदिरा नगर ते गोमती नगरातलं हॉस्पिटल. स्टँडवर जाऊन दुलारेला सांगून टाकलं. त्याने व्हॅनच्या सीटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "साहब, अब भाभीजी की चिंता हमारी."

आणि त्याने ती केली, हे तूही नाकारणार नाहीस. व्हॅनची पायरी उंच म्हणून त्याने लाकडी चौरंग आणला. सीटवर घरची रजई दुहेरी घडी करून घातली. पॉलिटेक्निक चौराहावर मागून सगळे हॉर्न वाजवायचे, पण तो वीसच्या वर जायचा नाही. मंगळवारी अलीगंजच्या हनुमान मंदिरातले लाडू आणायचा. तुला ते चालायचे नाहीत, तरी तू कपाळाला लावून पर्समध्ये ठेवायचीस. आणि आरसा त्याने असा फिरवून घेतला होता की त्यात रस्ता कमी आणि तू जास्त दिसायचीस. मी मागे तुझ्या शेजारी बसून विचार करायचो की परक्या शहरात आपल्याला हा माणूस मिळाला, आणखी काय हवं.

तीन महिन्यांनी एका सोमवारी संध्याकाळी तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "उद्या दुलारेला बोलावू नका."

"का? काही बोलला का तो?"

"नाही हो. तो काय बोलणार."

"मग?"

"त्याच्या गाडीत बसलं की मी आजारी असते."

"तू आजारी आहेसच, कुमुद."

"घरी आहे, हॉस्पिटलात आहे. मधली वीस मिनिटं तरी नको."

मी रागावलो. तुला वाटलं असेल त्यापेक्षा जास्त रागावलो होतो. पंचवीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, त्याला काय सांगू, म्हणून ओरडलो. तू शांतपणे मोबाइल पुढे केलास. त्यात ते टॅक्सीचं अ‍ॅप होतं. डायलिसिसच्या सिस्टरकडून कधी घालून घेतलंस, मला पत्ताही नाही. शेवटी मी दुलारेला फोन करून खोटं सांगितलं, की आभाने तिकडून रोजच्या गाडीची सोय केली आहे. तो "ठीक है साहब" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मला वाटलं, दुखावला.

पहिल्याच सकाळी अ‍ॅपवाल्याचा फोन आला, "सर, लोकेशन पर हूँ, यहाँ तो कोई नहीं है." तो मागच्या गल्लीत उभा होता. मी वैतागून त्याला वळणं सांगायला लागलो, तर तू माझ्या हातातून फोन घेतलास.

"भैया, आप सीतापुर की तरफ के हैं?"

पलीकडे इंजिन बंद झालं. मग, "जी, सिधौली के. आपको कैसे मालूम?"

"आवाज़ से. अब ऐसा कीजिए, गाड़ी मत मोड़िए, सीधे आइए, एक मंदिर पड़ेगा."

तो आला तेव्हा तुम्ही दोघं ओळखीचे असल्यासारखे हसलात. गाडी स्टँडसमोरून गेली. दुलारे आपल्या व्हॅनला टेकून उभा होता. मी मान खाली घातली. तू काच खाली करून "राम राम, दुलारे भैया" म्हणालीस आणि त्याने हात जोडले. तुझा तो धीटपणा बघून तेव्हा मला राग आला होता. वाटलं, किती सहज सोडलं हिने.

मग आपलं रोजचं सुरू झालं. गाडीवाल्याने येतो म्हणून आयत्या वेळी नकार दिला की मी म्हणायचो, "बघ. दुलारे असता तर." तू म्हणायचीस, "हा नाही तर दुसरा येईल. एकाच माणसाच्या गळ्यात का पडायचं?" गाडीत कसला तरी वास आला, कोणी फोनवर बोलत गाडी चालवली, की मी पुन्हा सुरू. तू मला या गाड्यांचा एसी दाखवायचीस, रुंद उघडणारं दार दाखवायचीस. जूनमध्ये ती सोय मलाही कळत होती, पण मी कबूल केलं नाही. माझा मुद्दा सोयीचा नव्हताच. मी म्हणायचो, टॅक्सीच्या स्टँडवर माणसं असतात, एकमेकांना धरून असतात, एकाला विचारलं की दुसऱ्याचा ठावठिकाणा कळतो. अ‍ॅपवाल्याला ना स्टँड ना सोबती, आज आला आणि उद्या कोण कोणाचा. रस्त्यात तुला काही झालं तर तो थोडाच थांबणार आहे.

त्यावर तू एकदा जे बोललीस ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला कायम वाटायचं की कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले ते दिवस तुझे सगळ्यात सुखाचे. बारा वर्षं तू ट्रंक कॉल जोडलेस, गावातले निम्मे लोक तुला "एक्स्चेंजच्या ताई" म्हणून ओळखायचे. थेट डायलिंग आलं तेव्हा सगळे हळहळले, तूही हळहळली असशील, असं मी धरून चाललो होतो. तू म्हणालीस, "मला सुटल्यासारखं झालं होतं. गावात कोण वारलं, कोणाची सोयरीक मोडली, सगळं माझ्या कानावरून जायचं. मी बाजारात गेले की बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. ओळख फार झाली ना, की माणूस मोकळं बोलत नाही हो."

चाळीस वर्षं तुझ्यासोबत राहून मला हे माहीत नव्हतं. गाडी लोहिया पार्कच्या कडेने चालली होती. मी बाहेर बघत बसलो.

तुझं ते समोरच्याला बोलतं करणं मला अजून उलगडलेलं नाही. तू कोणाला गाव विचारायची नाहीस, ते तर तुला आवाजावरूनच कळायचं. घरी कोण कोण, हेही विचारायची नाहीस. तुझा प्रश्न एकच असायचा, "आज पहली सवारी कौन थी?" आणि त्या एका प्रश्नावर मोठमोठे बाप्ये उघडायचे. एकाने पहाटे हॉस्पिटलमधून दोन दिवसांचं बाळ घरी पोहोचवलं होतं. सांगत होता की पूर्ण रस्ता त्याने हॉर्नला हात लावला नाही, आणि उतरताना बाळाच्या आजीने त्याच्या स्टिअरिंगला कुंकू लावलं. ते पुसायचं की ठेवायचं, हे त्याला कळत नव्हतं. "रहने दीजिए," तू म्हणालीस, "अपने आप जाएगा." दुसरा एकजण लखीमपूरचा, शिक्षकाच्या परीक्षेला चार वेळा बसलेला. पहिल्या सवारीने त्याला गाडीत इतिहासाचा धडा शिकवायला लावला म्हणाला, आणि वीस मिनिटं शिकवून झाल्यावर त्याला रडू आलं. हे तो तुला सांगत होता. मी तिथेच बसलो होतो, पण मी नसल्यासारखाच. चार तास सुया टोचून घेऊन आलेली बाई माणसाला एवढी जागा कुठून देते, असं मनात यायचं.

आणि तुझे ते नातेवाईक.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हडबडलो होतो. हॉस्पिटलच्या फाटकातून निघालो, तू पदर डाव्या हातावर ओढून घेतलास आणि गाडीवाल्याने विचारलं, "माताजी, कोई भरती है क्या?"

"हाँ. एक रिश्तेदार हैं. हफ़्ते में तीन दिन देखने आना पड़ता है."

"बड़ी सेवा करती हैं आप."

"करनी पड़ती है. बहुत ज़िद्दी हैं. किसी और की सुनते नहीं."

"अब कैसे हैं?"

"चल रहा है. आज थोड़े ठीक थे."

घरी आल्यावर मी म्हणालो, कुमुद, खोटं कशाला बोलायचं? तू चपला काढत होतीस. म्हणालीस, "खोटं कुठं? जवळचंच नातं आहे." आणि खुर्चीत बसून इतकी हसलीस की शेवटी मलाही हसावं लागलं. त्यानंतर ते नातेवाईक वाढतच गेले. कधी ते चिडलेले असत, कधी त्यांना कराडच्या आंबेमोहोराचा भात आठवत असे. एकदा तू एकाला सांगितलंस की त्यांना जायची भीती वाटत नाही, पण घरच्या माणसाची काळजी वाटते, त्याला कुकर लावता येत नाही. गाडीवाला म्हणाला, "तो सिखा दीजिए उनको." त्या रविवारी तू मला कुकर लावायला शिकवलंस.

आता जे सांगतो ते तुला ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात परत येताना तू गाडीत कोसळलीस. तो सत्येंद्र नावाचा हरदोईचा गाडीवाला होता, तीस-पस्तिशीचा. त्याने नातेवाइकांचा हालहवाल विचारला, तू "आज नरम हैं" म्हणालीस आणि तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हात बर्फासारखा. मला तुझं नावसुद्धा नीट घेता येईना. त्याने आरशात बघितलं, काही न विचारता दुभाजकाच्या पहिल्याच कटला गाडी फिरवली. त्याचा फोन रस्ता चुकला म्हणून सांगत राहिला, त्याने तो उलटा करून ठेवला. "साहब, पैर ऊपर कीजिए, अपनी गोद में लीजिए," म्हणाला. मी घेतले. हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअर त्यानेच ओढत आणली. तुला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो, तर तोही येऊन बसला.

मी म्हणालो, तुम्ही जा, तुमच्या दुसऱ्या सवाऱ्या असतील.

"फ़ोन बंद कर दिया है, साहब." मग म्हणाला, "मरीज़ तो माताजी खुद हैं न?"

मी मान हलवली.

"पिछले महीने भी हमने छोड़ा था. पल्लू के नीचे पट्टी दिख रही थी. हम लोग फाटक के बाहर नीम के नीचे खड़े रहते हैं, बुकिंग के इंतज़ार में. आठ-दस लोग जानते हैं इनको. इंदिरा नगर वाली माताजी. हम लोगों में तय है, हाल पूछना है तो रिश्तेदार का ही पूछना है."

कुमुद, मी त्या बाकावर बसून राहिलो. ज्यांना कोणी सोबती नाही असं मी वर्षभर तुला ऐकवत होतो, त्यांचा कडुनिंबाखाली स्टँड होता. ज्यांना काही माहीत नाही असं तू धरून चालली होतीस, त्यांना सगळं माहीत होतं. तू त्यांना वीस मिनिटं देत होतीस असं मला वाटायचं, आणि हे आठ-दहा दमलेले लोक आपसात ठरवून ती वीस मिनिटं तुझ्यासाठी सांभाळत होते. आपण दोघंही चुकलो होतो, आणि आपल्या चुकीपेक्षा ते सगळं केवढं तरी मोठं होतं.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा पहिलं विचारलंस, "त्या बिचाऱ्याला थांबवून ठेवलंत का?" आणि मग हळूच, "मी काही बोलले का त्याच्यासमोर?"

मी म्हणालो, "नाही. काही नाही."

सांगायला हवं होतं का? मला वाटलं, सांगितलं तर मंगळवारपासून तू गाडीत नुसती बसून राहशील. हे लपवलं त्याची माफी मागत नाही. पण एवढं कळूनही मी घरी येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काढलं, त्याचं वाईट वाटतं. घाबरलो होतो. म्हणालो, आता पुरे, परवापासून दुलारे. तू नाही म्हणालीस. मी म्हणालो, त्याला तोडलंस तू, तुझ्या हौसेसाठी. तू हातातली गोळ्यांची डबी बंद केलीस. म्हणालीस, "दुलारेचं वेगळं आहे. नंतर सांगेन." दोन दिवस आपण कामापुरतंच बोललो. मग तिसऱ्या दिवशी बोलायला लागलो, पण त्या विषयाला दोघांनीही हात लावला नाही. आणि मग ती रविवारची सकाळ आली.

तेराव्यानंतर मी एकटाच हॉस्पिटलात कागदपत्रं आणायला गेलो. परतताना अ‍ॅपवर गाडी मागवली. चेहरा मला ओळखीचा नव्हता, पण त्याने मला ओळखलं. शेजारची रिकामी सीट बघितली आणि गाडी सुरू न करता विचारलं, "साहब, वो... रिश्तेदार कैसे हैं?"

मी म्हणालो, "अब आना नहीं पड़ेगा."

त्याने दार उघडलं. मग उतरला, झाडाखाली उभ्या असलेल्या चार-पाच जणांजवळ गेला, त्यांच्याशी दोन शब्द बोलला. ते सगळे गाडीकडे वळून उभे राहिले. कोणी जवळ आलं नाही. एकाने फक्त डोक्यावरची टोपी काढली. तो परत येऊन बसला आणि आम्ही निघालो. इंदिरा नगरपर्यंत मी काचेला डोकं टेकून, तू गेल्यावर पहिल्यांदा, नीट रडलो.

हे सगळं तुला सांगायचं होतंच. पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने.

आज सकाळी दुलारे भैया आला. गाडी न घेता, पायी. तेरा दिवसांत तो रोज येऊन फाटकाशी उभा राहून जायचा, आत कधी आला नव्हता. आज मी त्याला हाताला धरून आत आणलं. सोफ्याच्या अगदी कडेला बसला. मी बोलायला सुरुवात केली, की दुलारे, तुला त्या वेळी खोटं सांगितलं, आभाने काही सोय वगैरे केली नव्हती, भाभीजींनीच—

"हमको मालूम है, साहब. भाभीजी उसी दिन आई थीं स्टैंड पर."

त्या सोमवारी. तू भाजी निवडायला बसलीस त्याच्या आधी, दुपारी, मी झोपलो होतो तेव्हा. ई-रिक्षाने गेलीस. पाच-सहा टॅक्सीवाल्यांच्या मधोमध बाकावर बसून चहा घेतलास. चहा तुला किती मोजून प्यावा लागायचा, ते मला माहीत आहे. आणि त्याला विचारलंस, "दुलारे भैया, आप शीशे में हमको देखते हैं, तो किसको देखते हैं?"

तो म्हणाला, इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याला लपवता आलं नाही. त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी तिचीही किडनीच गेली होती. हीच व्हॅन, हाच पॉलिटेक्निकचा रस्ता, बाराबंकीहून आठवड्यातून दोनदा. अडीच महिने. रजई तिच्याच अंथरुणातली होती. तुला घेऊन निघाला की त्याला वाटायचं, या वेळी गाडी सावकाश नेली तर.

"भाभीजी बोलीं, तो फिर आप हमको मत ले जाइए. हफ़्ते में तीन दिन आप वही रास्ता काट रहे हैं. हमने बहुत कहा, भाभीजी, हमको अच्छा लगता है. बोलीं, रात को नींद आती है? हम क्या कहते, साहब. फिर बोलीं, साहब को मत बताइएगा. वो आपको बेचारा समझने लगेंगे."

तर हे वेगळं होतं. "मधली वीस मिनिटं तरी नको" हे तू मला जे सांगितलंस ते खरं होतं की माझ्यासाठी तयार केलेलं कारण होतं, हे आता कळायचा मार्ग नाही. मला वाटतं, दोन्ही खरं असेल. पण वर्षभर मी तुला हौशी म्हटलं, उपकार विसरणारी म्हटलं, आणि तू ऐकून घेतलंस. त्याची गोष्ट तू माझ्यापुढे उघडी केली नाहीस. एवढी शक्ती तुझ्यात कुठं होती, कुमुद? रक्तातलं हिमोग्लोबिन आठवर, जिना चढताना दोनदा थांबणारी तू. मी तुझ्या सोबत राहत होतो असं समजत होतो. खरं तर मी तुझ्या शेजारी बसून नुसता प्रवास करत होतो.

आणि माझं सांगायचं तर, त्याची बायको वारली तेव्हा मला कळलं होतं. मी व्हॅनच्या खिडकीतून "बहुत बुरा हुआ, दुलारे" म्हणालो होतो आणि लगेच विचारलं होतं, दहाच्या आत चारबागला पोहोचू ना? कशाने गेली, हेही विचारलं नव्हतं. ज्या जुन्या ओळखीच्या बाजूने मी वर्षभर तुझ्याशी भांडलो, ती माझी ओळख एवढीच होती.

तो उठायला लागला. मी म्हणालो, बसा. पंचवीस वर्षांत त्याला मी "तुम" म्हणत आलो, आज ते तोंडातून निघेना.

"दुलारे जी, आपकी पत्नी का नाम क्या था?"

 त्याने खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं. म्हणाला, "शिवकली." मग स्वतःच पुन्हा एकदा म्हणाला, "शिवकली," जणू ते नाव अजून बोलता येतं का, हे बघत होता.

मी आत जाऊन दोघांसाठी चहा टाकला. बाहेर आलो तर तो सोफ्यावर नीट मागे टेकून बसला होता. आणि त्याने सांगायला सुरुवात केली, की शिवकलीला गाडी चालवायची फार इच्छा होती, आणि एकदा देवा गावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने तिच्या हातात अँबॅसेडर दिली होती.